पान एकशे शहात्तर

मुनिरका, नवी दिल्ली
५ फेब्रुवारी १९८९

प्रिय आत्या,

सा. न.

पत्ता बघून दचकू नकोस, मी घर सोडलेलं नाही. रामकृष्णपुरमच्या क्वार्टरमध्येच आहे, पप्पांच्या नजरेसमोर. ही खोली अरुणाची, माझ्या एमएस्सीच्या मैत्रिणीची. उत्तर इथेच पाठव, कारण घरी आलेलं पत्र आधी पप्पा उघडतात, मग आई वाचते, मग कुठे मला मिळतं.

बातमी आधी सांगते. उटीला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, तिथे माझी निवड झाली! रिसर्च असिस्टंट. सत्तावीस जणांतून दोघांना घेतलं, त्यातली एक मी. दहा एप्रिलला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. पत्र आलं त्या दिवशी मी पप्पांसमोर नाचले यार, खरंच नाचले. पप्पा म्हणाले, "अच्छा. बघू." आणि पेपर तोंडासमोर धरला.

'बघू' म्हणजे काय ते परवा कळलं. करोलबागेतल्या प्रभाकाकू आठवतात? त्यांचा अविनाश. सेक्शन ऑफिसर आहे, पप्पांच्याच ऑफिसच्या भवनात, दोन मजले खाली. ते सगळे चहाला आले. कांदेपोह्यांच्या जागी समोसे, बाकी कार्यक्रम तोच. मुलगा वाईट नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे. वाईट असता तर नाही म्हणायला किती सोपं गेलं असतं! प्रभाकाकू म्हणाल्या, "लग्नानंतर बीएड कर ना, बिल्कुल कर. शाळेची नोकरी कशी छान, दोन वाजता घरी." दोन एप्रिलला साखरपुडा करायचं म्हणताहेत. आई गप्प आहे.

आत्या, आपल्या घरात तू एकटीच अशी आहेस की जिने कुणाचं ऐकलं नाही. बत्तीस वर्षं इथे पहाडगंजच्या शाळेत विज्ञान शिकवलंस, एकटी राहिलीस, निवृत्त झाल्यावर पुण्यालाही एकटीच गेलीस आणि कधी रडगाणं गायलं नाहीस. मला तुझ्याकडून फक्त एक वाक्य पाहिजे. जाऊ की नको? तू म्हणशील तसं करीन.

तुझी,
उल्का


पुणे
११ फेब्रुवारी १९८९

चि. उल्का,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या निवडीचे पेढे मी आमच्या जिन्यातल्या सातही घरांत वाटले. समोरच्या सुमित्राबाईंनी विचारलं, "रेडिओची दुर्बीण म्हणजे त्यातून गाणी दिसतात का हो?" मी त्यांना अर्धा तास समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे गाणी नाहीतच." असो. शाब्बास गं पोरी.

आता तुझा प्रश्न. त्याचं उत्तर मी देणार नाही. का ते विचारू नकोस. मला तोंड उघडता येत नाही एवढंच समज.

पण बुकपोस्टाने एक पुस्तक पाठवते आहे. 'ताम्रग्रहाची वाट'. एकोणीसशे पन्नासची कादंबरी, आता तिसरी आवृत्ती निघाली आहे. 'मराठी विज्ञानसाहित्यातील अभिजात कृती' असं मुखपृष्ठावर छापलं आहे आणि ते खोटं नाही. अप्पा बळवंत चौकात दिसली, घेतली आणि तिथूनच पोस्टात गेले, चाळूनसुद्धा पाहिली नाही. मला पाठ आहे ती. बावन्न साली दिल्लीच्या आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून आणली होती, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आज मी जी कोण आहे ती त्या पुस्तकामुळे आहे, असं म्हटलं तरी चालेल.

शेवटपर्यंत वाच. मला जे सांगायचं आहे ते शेवटच्या पानावर आहे. वाचून झालं की तुला कुणाला काही विचारायची गरज उरणार नाही.

तुझी,
कुमुदआत्या


मुनिरका
२६ फेब्रुवारी १९८९

आत्या,

वाचली. शेवटच्या पानापर्यंत वाचली, कारण तू सांगितलं होतंस. नाहीतर चाळिसाव्या पानावर मी ती अरुणाच्या पलंगाखाली फेकली होती.

रागावायचं तर रागाव, पण हे अभिजात? ही तर हद्द झाली. पहिली साठ पानं तो प्रोफेसर नुसता बोलतो. तीन-तीन पानांचं लेक्चर, मध्ये कुणी शिंकतसुद्धा नाही. मग यान निघतं. ताम्रग्रह शुक्राच्याही पलीकडे आणि पोहोचायला तीन दिवस! मी गणित केलं. त्या वेगाने उतरताना सगळ्यांचा चिवडा झाला असता. यानात हवा कशातून नेतात? पितळेच्या पिंपांतून. पिंपाला तोटी. तिथले रहिवासी शुद्ध मराठी बोलतात, माझ्यापेक्षा शुद्ध, आणि शेखरच्या मिशांचं कौतुक करतात. शेखर म्हणजे हीरो. त्याच्या मिशांवर एकंदर चार परिच्छेद आहेत, मी मोजले. आणि प्रोफेसरची मुलगी विद्युल्लता, ती गणितात शेखरपेक्षा हुशार, पण पानोपानी तिच्या कपाळावरची बटच उडते. यानात वारा कुठून आला, लेखकाला विचार.

अरुणा म्हणाली, त्या काळाच्या मानाने ठीक आहे. त्या काळाच्या मानाने म्हणजे काय? त्या काळी गुणाकार वेगळा होता?

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण शेवट! त्याबद्दल लिहायला बसले तर मला खरंच मळमळतं. मी शेवटचं पान दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं आपलंच मराठी कच्चं, अर्थ चुकतोय. नाही. अर्थ तोच होता. मग तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं: मला जे सांगायचं आहे ते शेवटच्या पानावर आहे.

कळलं, आत्या. पप्पा म्हणतात ते तू म्हणतेस, फक्त पुस्तक पाठवून म्हणतेस. पप्पांचा मला राग येत नाही, ते तसेच आहेत. पण तू? सरळ लिहायचं होतंस, 'गप लग्न कर'. मी ऐकलं असतं. एवढी एकशे ब्याण्णव पानांची किळस कशाला आणवलीस?

काल मी पप्पांना हो म्हणाले. ते खूश आहेत. आईने शिरा केला होता.

उल्का


पुणे
४ मार्च १९८९

चि. उल्का,

तुझं पत्र आधी फाडून टाकणार होते. मग म्हटलं, जपून ठेवावं. आपल्या माणसाला आपण किती कमी ओळखतो त्याचा पुरावा म्हणून.

पिंपांना तोट्या आहेत, मान्य. मिशा आहेत, मान्य. चाळीस वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने दिव्याखाली बसून लिहिलेली गोष्ट आहे ती, तुझं क्रमिक पुस्तक नव्हे. नाकानं कांदे सोलायला तुम्हा एमएस्सीवाल्यांना काय लागतं!

पण शेवट वाचून तुला मळमळलं? काय गं, त्यात मळमळण्यासारखं काय आहे? दुसऱ्या सफरीला शेखर येत नाही म्हणतो, बाप येत नाही, सगळे कच खातात. आणि एक मुलगी एकटी यानात चढते. "विद्युल्लतेने यानाचा दरवाजा आतून लावून घेतला." संपलं. ती पोहोचली का, मेली का, परत आली का, लेखक एक अक्षर सांगत नाही. केवढी हिंमत लागते असं थांबायला! मंडळाच्या वर्धापनदिनाला आम्ही दरवर्षी त्यावर वाद घालायचो: विद्युल्लता पोहोचली की नाही? अर्धं सभागृह एकीकडे, अर्धं दुसरीकडे. चौपन्न सालचं पहिलं बक्षीस माझं आहे. मी म्हटलं होतं, पोहोचली की नाही हा प्रश्नच पुरुषांचा आहे, ती निघाली एवढं पुरे. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

ते पान मी तुला पाठवलं आणि तू म्हणतेस मी तुला लग्न कर म्हणून सांगितलं! तुला भीती वाटली आहे, हे सरळ सांग. हो म्हणायचं तुझ्या मनात आधीच होतं आणि खापर फोडायला पुस्तक सापडलं. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

कुमुदआत्या


मुनिरका
१३ मार्च १९८९

आत्या,

थांब. कोणता दरवाजा?

म्हणजे दरवाजा आहे. एकशे शहात्तराव्या पानावर अगदी खाली ते वाक्य आहे, तू लिहिलंस तसंच. पण पुस्तक तिथे संपत नाही गं! पुढे आणखी सोळा पानं आहेत. एकशे सत्याहत्तरच्या पहिल्या ओळीत शेखर बाहेरून दार ठोठावतो आणि ती उघडते. लगेच. मग पंधरा पानं तो तिला स्त्रीधर्म समजावतो. ती रडते, यानाच्या किल्ल्या त्याच्या हातात देते आणि खाली उतरते. यान मग शेखर एकटा घेऊन जातो आणि पाच ओळींत परतही येतो. शेवटचं पान जसंच्या तसं उतरवते:

"चुलीपुढे बसलेली विद्युल्लता स्मित करून म्हणाली, 'नाथ, मी वेडी होते. तारे मोजण्याच्या नादात मी घरच्या समईकडे पाठ फिरवली होती. आकाश का कुठे दूर आहे? ते तर अंगणातूनही दिसते!' शेखराने कौतुकाने मिशीवरून हात फिरवला. पोळी टम्म फुगली. समाप्त."

हे पान तू मला पाठवलंस, असं मी समजले. आता सांग, मळमळेल की नाही?

तुझं पत्र वाचून मला वाटलं, आत्याचं वय झालं, विसरली. म्हणून काल रविवारी मंडळाच्या वाचनालयात गेले. ग्रंथपाल दिनकरकाका अजून तिथेच आहेत, तोच मफलर. त्यांना नुसतं 'ताम्रग्रह' म्हटलं तर डोळे चमकले. "तू कुमुदची भाची ना? चौपन्न सालचं तिचं भाषण मला आठवतं!" काळ्या कापडी बांधणीची तुमची प्रत काढून दिली. शेवटचं पान एकशे शहात्तर. दरवाजा आतून लावला, मग कोरा कागद, मग पुठ्ठा.

मी माझी प्रत शेजारी ठेवली. काकांनी चष्मा पुसून ती सोळा पानं उभ्यानेच वाचली. मग खुर्चीत बसले. मग कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. त्या वेळी म्हणे पुण्याहून पुस्तकं सुट्या फर्म्यांत मागवायचे, फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक छापलेला ताव, आणि इथे पहाडगंजात एका जिल्दसाजाकडून बांधून घ्यायचे. स्वस्त पडायचं. रजिस्टरात नोंद आहे: फर्मे अकरा. बारावा पार्सलातून आलाच नाही. वाक्य पूर्ण होतं, पान पूर्ण होतं, कुणाला शंकाच आली नाही. आणि तुम्ही सगळे तीस-पस्तीस वर्षं त्यावर वाद घालत बसलात!

काका म्हणाले, "आम्ही पुण्याच्या लोकांना हसायचो. म्हणायचो, त्यांना हा शेवट कळलाच नाही, म्हणून ते कधी त्याबद्दल बोलत नाहीत."

मला हसू आलं आणि मग बिल्कुल आलं नाही. आत्या, म्हणजे तुला जे सांगायचं होतं ते या शेवटच्या पानावर नव्हतं. मग आता तू सांग. मी हो म्हटलं आहे, पण साखरपुडा अजून व्हायचाय. तुझ्या तोंडाने सांग.

उल्का


पुणे
२० मार्च १९८९

चि. उल्का,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी चौकात जाऊन दुसरी प्रत आणली. दुकानातच शेवटचं पान उघडलं. पोळी टम्म फुगली! दुकानदार विचारतो, "बाई, पाणी देऊ का?" माझा चेहरा तसा झाला असणार.

घरी येऊन पहिल्यापासून वाचली. म्हटलं, सोळा पानं सडकी असतील, उरलेली तरी माझी आहेत. नाहीत गं. तू म्हणालीस ते सगळं खरं आहे. प्रोफेसर बोलतच राहतो. विद्युल्लता हुशार आहे असं लेखक पुन्हा पुन्हा सांगतो, पण तिला एक वाक्य हुशारीचं देत नाही. तिची बट तेवढी उडते. त्या पुस्तकात मला जे दिसलं होतं ते त्यात कधी नव्हतंच. एका मुलीने दार लावलं, एवढ्या एका ओळीवर मी बाकीचं सगळं माझं माझं रचलं. आणि तीही ओळ त्या गृहस्थाने फक्त पुढे दार उघडायची सोय म्हणून लिहिली होती. शिसारी आली मला. पुस्तकाचीही आणि त्यावर टाळ्या मिळवणाऱ्या बाईचीही.

आता एक सांगते, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चौपन्न साली बळवंत नावाचा एक मुलगा होता, रेल्वेत. त्याची आई हिंदूरावच्या इस्पितळात महिनाभर होती, मंडळातर्फे मी तिचा डबा न्यायची. तिथे ओळख झाली. मला तो आवडत होता, खूप आवडत होता. त्याने लग्नाचं विचारलं आणि म्हणाला, शिक्षण मात्र इथेच थांबव, घरी आवडणार नाही. मी घरी आले, पान एकशे शहात्तर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांना वाटलं, केवढ्या ठाम विचारांची मुलगी!

डोंबलाचे विचार. बारावा फर्मा पार्सलात असता तर मी तो वाचून डोळे पुसले असते आणि बळवंतकडे पोळ्या लाटल्या असत्या. जन्मभर मला वाटलं, मी कुणाचं ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. पुस्तकाचं ऐकलं होतं, तेही अर्ध्या. झालं त्याचा पश्चात्ताप नाही, माझी शाळा मला प्रिय होती. पण जो निर्णय मी माझा म्हणून मिरवत आले तो माझा नव्हता, याची किळस अंगावरून जात नाही. दोन दिवस जेवण गेलेलं नाही.

आणि तोंड का उघडता येत नाही, तेही ऐक. तुझ्या लताताईच्या पहिल्या स्थळाला मी त्या मुलाच्या बापाला तोंडावर दोन शब्द सुनावले होते, ते स्थळ मोडलं. तुझा बाप, श्याम, वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मग माझ्याकडून शब्द घेतला: माझ्या मुलींच्या लग्नात पुन्हा एक अक्षर बोललीस, तर तुझा-माझा संबंध संपला. मी शब्द दिला. मला तुम्ही सोडून आहे कोण, उल्का? दिवाळीला येते, उन्हाळ्यात येते, ते तुमच्याच घरी ना? म्हणून पुस्तक पाठवलं. पुस्तक पाठवणं म्हणजे बोलणं नव्हे, अशी पळवाट काढली. मोठी हुशार समजत होते मी स्वतःला.

म्हणून अजूनही सांगता येत नाही. मला माफ कर.

कुमुदआत्या


मुनिरका
२७ मार्च १९८९

आत्या,

पत्र वाचलं. बळवंतांबद्दल वाचून रडले. मग शेवटचा परिच्छेद वाचून इतका राग आला की अरुणा म्हणाली, पाणी पी आधी.

पप्पा बोलणार नाहीत म्हणून तू गप्प. पप्पा दुखावतील म्हणून आई गप्प. लोक काय म्हणतील म्हणून पप्पा. आपल्या सगळ्या घराचाच उबग आलाय मला. त्या विद्युल्लतेला निदान दार उघडायला कुणी बाहेरून ठोठावावं तरी लागलं.

पण सगळ्यात जास्त वीट मला माझाच आलाय. पाच फेब्रुवारीला मी काय लिहिलं होतं तुला? 'तू म्हणशील तसं करीन.' तेवीस वर्षांची मी! तू जा म्हणाली असतीस तर गेले असते आणि पुढे उटीला काही बिनसलं असतं तर तुला शिव्या दिल्या असत्या.

तुला नाही सांगता येत तर नको सांगूस. आता विचारत नाही. खरंच नाही विचारत, टोमणा नाही हा. इथे उत्तर पाठवू नकोस, अरुणा सुट्टीला नागपूरला चाललीय.

उल्का


(पोस्टकार्ड. श्री. श्याम देवस्थळी यांच्या रामकृष्णपुरमच्या पत्त्यावर.)

पुणे
३१ मार्च १९८९

चि. उल्का,

मुद्दाम कार्डावर लिहिते आहे, पाकिटात घालत नाही. पोस्टमनने वाचावं, खालच्या मजल्यावरच्या शर्माजींनी वाचावं आणि श्याम, तू तर वाचच.

उल्का, उटीला जा. हे मी सांगते आहे, कुठलं पुस्तक नाही. तिथे तुझं चांगलं होईल की वाईट, मला माहीत नाही. अविनाश चांगला मुलगा असेल. तरी जा. तुला हे काम येतं आणि तुला ते हवं आहे, एवढं मला पुरेसं आहे.

तू विचारणं सोडलंस हे बरं केलंस. न विचारता सांगते आहे. ऐकलं पाहिजेस असं नाही.

श्याम, मी शब्द मोडला. काय करायचं ते तू ठरव.

कुमुद


रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
१६ एप्रिल १९८९

ती. कुमुदताईस,

सा. न.

तुझं कार्ड सहा तारखेला आलं. शर्माजींनीच वर आणून दिलं, म्हणजे वाचलंच असणार. तुझी इच्छा पूर्ण झाली.

उल्का पाच तारखेला गेली. तुझं कार्ड तिने पाहिलेलं नाही. साखरपुडा झाला नाही. एकोणतीस मार्चला ती एकटी आमच्या भवनात आली, गेटवर पास करून घेतला आणि माझ्या दोन मजले खाली अविनाशच्या सेक्शनमध्ये जाऊन त्याला सांगून गेली. मला ते दुपारी कँटीनमध्ये दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या दिवसापासून मी लिफ्टने जात नाही, जिन्याने जातो. मी तिला विचारलं, आत्याने शिकवलं का हे? ती म्हणाली, "आत्याला मी दोन महिने विचारत होते, तिने काही म्हणजे काही सांगितलं नाही." मला वाटलं खोटं बोलते. तुझ्या कार्डावरची तारीख पाहिली तेव्हा कळलं की नव्हती बोलत.

स्टेशनवर वृंदा गेली, आई आहे ती. मी गेलो नाही. दिवाणखान्यातल्या खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. उल्का पाया पडायला वाकली तेव्हा मी तिला एकच वाक्य बोललो. म्हणालो, "आकाश बघायला उटी कशाला पाहिजे? आपल्या गच्चीवरून दिसतं तेवढं पुरे झालं की." मग तिने बॅगेतून एक पुस्तक काढलं, माझ्या शेजारी ठेवलं आणि गेली. मला वाटलं, विसरली.

परवा सुट्टी होती. घरात कुणी बोलत नाही, म्हणून ते उचललं. तुला माहीत आहे, मी कादंबऱ्या वाचत नाही. मंडळात तुम्ही वाद घालायचात तेव्हा मी मागे कॅरम खेळायचो. रटाळ पुस्तक आहे. कुणी याला अभिजात म्हणतं म्हणजे कमाल आहे. पण नेटाने वाचत गेलो आणि शेवटच्या पानावर आलो.

कुमुदताई, ते वाक्य तिथे आहे. गच्चीच्या जागी अंगण, एवढाच फरक. मी हे पुस्तक जन्मात वाचलेलं नाही. मग ते माझ्या तोंडात कुठून आलं? मी ते पान चार वेळा वाचलं. तो मिशीवरून हात फिरवणारा माणूस वाचून मला अशी शिसारी आली की काय सांगू. नंतर आरशासमोर दाढी करताना हात थांबला.

तू शब्द मोडलास त्याबद्दल मी काही बोलत नाही. दिवाळीला ये.

उल्काला लिहायचं आहे. काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही, पण लिहायचं आहे. तिचा पत्ता वृंदाकडे आहे. तिच्याकडे मागायला मला तोंड नाही. तुझ्याकडे असला तर पाठव.

तुझा,
श्याम